शेजारच्या लीगमधले वीस गुण आपल्याकडे किती भरतात? (जपान, कोरिया, फिलिपिन्स आणि आशियाई कोटा)

योकोहामाकर

मंडळी, इथे बास्केटबॉलचा धागा निघाला की तिसऱ्या प्रतिसादात जॉर्डन मोठा की लेब्रॉन सुरू होतं आणि दहाव्यात धागा मरतो. म्हणून आधीच सांगतो, हा धागा अमेरिकेबद्दल नाही.

मी गेली नऊ वर्षं योकोहामात आहे. इथला संघ बी-कोर्सेअर्स, आणि त्यांचं घरचं मैदान म्हणजे शहराचा आंतरराष्ट्रीय जलतरण तलाव. चेष्टा नाही. हिवाळ्यात तलावावर फ्लोअर टाकतात आणि त्यावर जपानच्या बी.लीगचे सामने होतात. २०२४ च्या सुरुवातीला हिरोशिमाकडून सात फूट तीन इंचांचा एक फिलिपिनो सेंटर (रिंगखाली खेळणारा उंच खेळाडू) आमच्याकडे आला. साताऱ्याला आईला फोनवर सांगितलं, नवीन खेळाडू आलाय. "नाव काय?" "काय." "अरे, नाव विचारतेय मी." "काय! काय सोटो!" दोन मिनिटं हेच चाललं होतं.

तर या सामन्यांना फिलिपिनो मंडळी जत्रेला यावं तशी यायची. माझ्या शेजारी एक काका असायचे, कारखान्यात कामाला, डब्यात भात आणि तळलेला मासा. काय बाकावर गेला की काकांचा घास हातातच राहायचा. "आतेनेओच्या शाळेत होता तेव्हा याच्यासमोर कुणी उभं राहत नव्हतं, आणि इथे त्याला चेंडूच देत नाहीत." पलीकडे बसणारा जपानी गृहस्थ फार सभ्य माणूस, पण एकदा त्याच्याही तोंडून निघालं की तिकडची लीग हलकी असणार, म्हणून तिकडचे आकडे मोठे.

दोघेही एकाच खेळाडूबद्दल बोलत होते. माझा प्रश्न असा, की शेजारच्या देशातल्या स्पर्धेत कुणी चमकला तर ती चमक आपल्या लीगमध्ये किती उरेल हे क्लब ठरवतात कसं?

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी नियम. बी.लीगमध्ये २०२०-२१ च्या मोसमापासून आशियाई कोटा आहे. कायच्या वेळी परदेशी खेळाडू तीन नोंदवता यायचे, कोर्टवर एका वेळी दोन. त्याशिवाय आणखी एक जागा, आणि ती एक तर आशियाई कोट्यातल्या खेळाडूला किंवा जपानी नागरिकत्व घेतलेल्या परदेशी खेळाडूला. सुरुवातीच्या यादीत चीन, तैवान, इंडोनेशिया, फिलिपिन्स आणि दक्षिण कोरिया होते. फिलिपिन्सकडून पहिला आला थर्डी रावेना, सान-एन निओफिनिक्सकडे. पुढच्या वर्षी त्याचा मोठा भाऊ कीफर शिगाला आला. मग रांगच लागली: ड्वाइट रामोस, रे पार्क्स, कोबी पारास.

बोला.

---

मिसळ_पॉइंटगार्ड

धागा आवडला. नावाचा किस्सा तर अफाट. आमच्या नाशकात हा पोरगा आला असता तर स्पीकरवर नाव पुकारणाऱ्याचं काही खरं नव्हतं.

मला वाटतं क्लब फार काही ठरवत नसावेत. व्हिडिओ बघतात, एजंटचा फोन येतो, घेतात. आपल्याकडे कबड्डीत बोली लावताना तरी कुठे कोण गणित मांडतं?

---

आकडेबहाद्दर

गणित मांडतात, पण त्यात खाचा खूप आहेत. जरा सविस्तर लिहितो.

सगळ्यात सरळ रस्ता म्हणजे दोन्ही लीगमध्ये खेळलेले खेळाडू शोधायचे. अमुक जण मनिलात असा खेळला आणि पुढच्या वर्षी जपानमध्ये तसा. असे पुरेसे जमले की सरासरी घट किती ते कळतं, आणि तीच कात्री पुढच्या खेळाडूला लावायची. युरोपातून अमेरिकेत जाणाऱ्यांसाठी हे वर्षानुवर्षं चालू आहे.

पण त्याआधी आकडे एका मापात तरी आणायला हवेत. फिलिपिन्सची पीबीए बारा मिनिटांची चार क्वार्टर खेळते, म्हणजे ४८ मिनिटं. बी.लीग आणि कोरियाची केबीएल दहा-दहाची, ४० मिनिटं. आता समजा (हा माझ्या मनातला गार्ड, म्हणजे चेंडू पुढे नेणारा खेळाडू, खरा कुणी नाही) मनिलात एक जण ४८ पैकी ३६ मिनिटं खेळतो आणि १८ गुण करतो. मिनिटाला अर्धा गुण. तो ४० मिनिटांच्या सामन्यात तेवढाच वाटा खेळला तर ३० मिनिटं, १५ गुण. इथे अजून लीग हलकी की भारी हा प्रश्न आलेलाच नाही, घड्याळानेच तीन गुण खाल्ले. नव्या संघात त्याला ३० ऐवजी २४ मिनिटं मिळाली की झाले १२. आणि कोर्टवर दोन अमेरिकन असल्यामुळे दर चौथा शॉट त्याच्याऐवजी त्यांच्याकडे गेला की उरले ९. अठराचे नऊ झाले, खेळाडू मात्र तोच, हातही तोच. पेपरात मथळा येतो: सपशेल अपयशी.

आणखी एक गंमत. २०२४ पासून पीबीएने चार गुणांची रेषा आणली आहे, २७ फुटांवर. जगात इतर कुठल्या मोठ्या लीगमध्ये हा प्रकार नाही. म्हणजे यापुढे मनिलाचे गुण इकडे आणायचे तर आधी कोणता शॉट कुठून मारला हे बघायला लागणार.

---

शंकेखोर

एवढं सगळं खरं धरलं तरी माझा एक साधा प्रश्न आहे. २०२० च्या त्या यादीत इंडोनेशिया आहे आणि इराण, लेबनॉन, जॉर्डन नाहीत. २०२२ च्या आशिया कपच्या अंतिम सामन्यात लेबनॉन ऑस्ट्रेलियाकडून फक्त दोन गुणांनी हरला, ७५-७३. तीच स्पर्धा जकार्तात होती आणि यजमान इंडोनेशिया चीनकडून हरून बाद झाला. २०२३ चा विश्वचषक जपान आणि फिलिपिन्सच्या जोडीने भरवायचा मान होता, पण त्या पराभवामुळे त्यांना स्वतःलाच त्यात खेळता आलं नाही.

खेळ बघून यादी केली असती तर लेबनॉन वर आणि इंडोनेशिया खाली. यादी प्रेक्षक बघून केली आहे. इंडोनेशियाची लोकसंख्या बघा, फिलिपिन्समध्ये गल्लीगल्लीत रिंग आहे ते बघा. सामना मोबाइलवर किती लोक बघतील याची ती यादी आहे. उगाच त्याला खेळाडूचं मूल्यमापन म्हणू नका.

---

नागपाड्याचा_पोर

शंकेखोरभाऊ, यादीबद्दल मान्य. पण बाजारासाठी दार उघडलं तरी आत शिरलेल्याला खेळावंच लागतं.

चीनचं उदाहरण घ्या. त्यांच्या सीबीए लीगमध्ये एक नियम होता: आदल्या मोसमात तळाला राहिलेल्या संघांना दोन परदेशींवर एक जादा आशियाई खेळाडू घेता यायचा. लंगड्याला काठी द्यावी तसा. सिचुआनने त्या जागेवर इराणचा हामेद हद्दादी आणला. सात फूट दोन इंच, आधी मेम्फिसकडून अमेरिकेत खेळून आलेला. आणि २०१६ ला याच सिचुआनने लिआओनिंगला ४-१ असं हरवून विजेतेपद घेतलं, अंतिम फेरीचा सर्वोत्तम खेळाडू हद्दादी! काठी दिली होती चालायला, हे पळत सुटले.

चीनने इराणी खेळाडूला 'आशियाई' या पेटीत टाकलं, म्हणून त्याची किंमत अमेरिकन पेटीतल्यापेक्षा कमी धरली. खेळाडू तोच राहिला, पेटी चुकली. सिचुआनने तो फरक खिशात घातला.

आम्ही नागपाड्यात लहानपणी हेच करायचो. नेबरहूड हाऊसच्या कोर्टवर संघ पाडताना मस्तान वायएमसीएकडून आलेल्या पोराला कुणी आधी घ्यायचं नाही, 'पलीकडचा' म्हणून. जो शहाणा होता तो त्यालाच पहिला उचलायचा. अंतर दोन गल्ल्यांचं, बरं का.

---

मिसळ_पॉइंटगार्ड

'पेटी चुकली' साठी +१

---

आकडेबहाद्दर

नागपाडाभाऊंनी नेमकं बोट ठेवलं. मी वर जी कात्री सांगितली तिच्यातली मोठी खोट हीच आहे. लीगची ताकद हा एकच आकडा नसतोच. तो जागेप्रमाणे बदलतो.

पीबीएमध्ये फिलिपाइन कप हा पूर्ण देशी असतो, परदेशी एकही नाही. बाकीच्या दोन स्पर्धांत प्रत्येक संघाला एक परदेशी, तोही उंचीच्या मर्यादेत. गव्हर्नर्स कपमध्ये अनेक वर्षं ती मर्यादा सहा फूट पाच इंच होती. म्हणजे तिथला देशी सेंटर रिबाउंडला (चुकलेल्या शॉटचा चेंडू पकडायला) उडी मारतो तेव्हा समोर कोण असतो? त्याच्यासारखाच देशी, किंवा मुद्दाम बुटका निवडलेला परदेशी. तो जपानला आला की समोर सहा-दहा, सहा-अकराचे दोन अमेरिकन, आणि कदाचित तिसरा नागरिकत्व घेतलेला. कावासाकीत निक फाझेकास होता ना, तसा. २०१८ मध्ये जपानने ऑस्ट्रेलियाला ७९-७८ असं हरवलं त्यात हा होता. आशियाई कोट्यातल्या उंच खेळाडूची स्पर्धा सरळ या फाझेकासशी असते, कारण जागा दोघांत एकच.

उलट गार्डच्या जागेवर अमेरिकन कमी असतात, कारण क्लब परदेशी जागा उंच माणसांवर खर्च करतात. म्हणून फिलिपिनो गार्ड जपानमध्ये तुलनेने कमी घटतो आणि सेंटर जास्त. एकाच देशातून आलेल्या दोघांना एकच कात्री लावली की दोघांवरही अन्याय.

तेव्हा योकोहामाकर, तुमचे डबेवाले काका बरोबर होते. कायला चेंडू मिळत नव्हता. पण त्याचं कारण प्रशिक्षकाचा आकस नसून नोंदणीचा नियम.

---

योकोहामाकर

डबेवाले काका :)) आता हेच नाव.

एक भर. काय इथे आला त्याच मोसमात हिरोशिमाने बी.लीग जिंकली. त्याला सोडल्यावर. काकांना ते दोन आठवडे पचलं नाही.

---

सुनंदा_टेबलवाली

मी नागपूरची. पंचवीस वर्षं टेबल ऑफिशियल म्हणून, म्हणजे कोर्टशेजारी सामन्याची नोंद ठेवायला, बसले आहे. शाळा, विद्यापीठ, राज्य स्पर्धा, सगळीकडे. तुम्ही सगळे आकडे खरे धरून पुढे चालला आहात, म्हणून हसू आलं.

गुण खरे असतात. बास्केट पडली की पडली. फाउलही बऱ्यापैकी खरे, पंच बोटं दाखवतो. पण असिस्ट, म्हणजे ज्या पासवर लगेच बास्केट पडते तो? एका आंतरविद्यापीठ स्पर्धेत (नाव लिहीत नाही) माझ्या शेजारी यजमानांचा एक मुलगा आकडे नोंदवत होता. त्यांच्या पॉइंट गार्डने पास दिला, घेणाऱ्याने दोन ड्रिबल केले, एकाला फसवलं, थांबला, इकडेतिकडे बघितलं आणि मग शॉट मारला. पोराने असिस्ट लिहिला. मी म्हटलं, बाळा, मध्ये तो जेवून आला असता तरी तू असिस्ट दिला असतास का? तर म्हणतो, मॅडम, आमच्या कॅप्टनला आठ पाहिजेत. दुसऱ्या अर्ध्यात पाहुण्यांच्या मुलाने सरळ रिंगखाली सोबत्याच्या हातात चेंडू ठेवला, त्याचा असिस्ट हा लिहायचा विसरला.

रिबाउंडचंही तसंच. चेंडूला चार हात लागतात, लिहिला एकालाच जातो.

मोठ्या लीगमध्ये प्रशिक्षण असतं, व्हिडिओ परत बघतात, हे मान्य. पण असिस्ट म्हणजे काय याची सैल-घट्ट व्याख्या देशागणिक वेगळी असते. त्यामुळे शेजारच्या देशाचा गार्ड 'सामन्याला सात असिस्ट' घेऊन आला की मी आधी विचारेन, लिहिणारा कोण होता?

दुसरं म्हणजे तुम्ही सगळे पुरुषांच्याच लीगबद्दल लिहिताय. कोरियाच्या महिलांच्या डब्ल्यूकेबीएलमध्ये २०२० पासून परदेशी खेळाडू बंद आहेत. २०२४-२५ पासून फक्त जपानी मुलींसाठी आशियाई कोटा उघडला, निवडीचा ड्राफ्ट भरवून. तुमच्या आकडेबहाद्दरांना आवडेल असा प्रयोग आहे तो. मध्ये अमेरिकन नाही, उंचीची भानगड नाही, दोन्हीकडे ४० मिनिटं. जपानच्या महिलांनी टोकियो ऑलिंपिकमध्ये रौप्य घेतलं, पण कोरियात गेल्या त्या त्या संघातल्या नव्हेत, मागच्या फळीतल्या. आणि जाऊन थेट पहिल्या पाचात उभ्या राहिल्या. बुसानच्या बीएनके संघाने २०२५ ला आपलं पहिलं विजेतेपद घेतलं त्यात ईजिमा साकी होती. दोन देशांतलं अंतर मोजायचं तर इथे मोजा.

---

आकडेबहाद्दर

सुनंदाताई, दंडवत. डब्ल्यूकेबीएलचं माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. मध्ये तिसरा देश नसला की तुलना स्वच्छ होते, अगदी खरं.

असिस्टबद्दल: म्हणूनच बरेच लोक असिस्ट बाजूला ठेवून टर्नओव्हर बघतात. चेंडू कुणाच्या हातून गेला यात फारसं औदार्य दाखवता येत नाही.

---

शंकेखोर

जपानी मुली कोरियात चालल्या, फिलिपिनो सेंटर जपानमध्ये चालले नाहीत. ठीक. मग फिलिपिनो गार्ड कोरियात? तिथे तर वादच वाद आहेत असं ऐकतो.

---

हनगांगकाठी

सोलमध्ये सहा वर्षं आहे, म्हणून लिहितो.

केबीएलने २०२० ला आधी फक्त जपानी खेळाडूंना दार उघडलं. पहिला आला नाकामुरा ताइची, वोंजू डीबी संघाकडे. जपानमधून फारसे कुणी आले नाहीत, कारण साधं आहे: जपानमध्ये पैसे वाढत होते, कोरियात कोण येणार? २०२२ ला फिलिपिन्सला दार उघडलं आणि चित्र पालटलं. पहिली सही बेलांगेलची, देगू कोगासशी. मग आबारिएन्तोस उल्सानला, आबांदो आन्यांगला.

तेव्हा इथे कोर्टवर परदेशी एका वेळी एकच असायचा. २०१९ ला हा नियम आला. त्यामुळे जपानसारखी गर्दी नाही. गार्डच्या हातात चेंडू राहतो. आबारिएन्तोस पहिल्याच वर्षी सर्वोत्तम नवोदित ठरला. मनिलात विद्यापीठ लीगचा साखळी टप्पा फक्त १४ सामन्यांचा, आणि इथे ५४ सामने. तेवढ्या चौदांवरून ५४ चा अंदाज बांधायचा म्हणजे तुकडा चाखून लग्नाच्या पंगतीचा स्वयंपाक जोखण्यासारखं. तरी जमलं.

मग २०२३-२४ मध्ये ईथन अल्वानो, त्याच वोंजू डीबीचा. संघ साखळीत पहिला आला आणि हा सर्वोत्तम खेळाडू झाला. पण पुरस्काराचं नाव लक्षात घ्या: 'देशी खेळाडूंमधला सर्वोत्तम'. परदेशींसाठी वेगळा पुरस्कार असतो, तो त्याच्याच संघातल्या डेड्रिक लॉसनला मिळाला. आशियाई कोट्यातला माणूस केबीएलच्या हिशेबात देशी धरतात. अमेरिकेत वाढलेला, फिलिपिनो वंशाचा, कोरियाचा 'देशी' सर्वोत्तम! मतं जवळजवळ सारखी वाटली गेली होती. दुसरा होता त्याच्याच संघातला कोरियन कांग सांग-जे. ऑफिसात दुसऱ्या दिवशी दोन तट पडले होते. माझा टीम लीडर म्हणाला, आकडे त्याचे आहेत, मान्य आहे, पण पुरस्कारावर 'देशी' लिहिलंय ना. मी मनात म्हटलं, अरे, हे तर आपल्याकडच्या भूमिपुत्रांच्या वादासारखंच झालं.

(डीबी नंतर बाद फेरीत हरला. विजेता कोण, तर साखळीत पाचवा आलेला बुसान केसीसी. हे उगाच, जाता जाता.)

उंचीवरून आठवलं. याच केबीएलने २०१८-१९ ला परदेशी खेळाडूंना दोन मीटरची मर्यादा घातली होती. डेव्हिड सायमन नावाचा भला सेंटर २०२ सेंटिमीटर भरला आणि त्याला जावं लागलं. दोन सेंटिमीटरसाठी. मोजपट्टीने खेळाडू जोखायचा याहून सरळ मार्ग मी पाहिला नाही.

---

मिसळ_पॉइंटगार्ड

दोन सेंटिमीटर!! आमच्या इथे शाळेच्या स्पर्धेत वयाच्या दाखल्यावर असेच बाद व्हायचे लोक. फरक एवढाच की तिथे दोन सेंटिमीटर खरे होते.

---

नागपाड्याचा_पोर

हनगांगकाठी, छान लिहिलंत. पण फिलिपिन्सकडून बघा जरा. पीबीएमध्ये अव्वल खेळाडूचा पगारही महिन्याला चार लाख वीस हजार पेसोला अडतो, त्यावर मर्यादा आहे. जपानचा क्लब त्याहून वर जातो. कीफर रावेना शिगाला निघाला तेव्हा त्याचा मनिलातल्या संघाशी करार चालू होता. पीबीएने अडवलं, बरीच ओढाताण झाली, शेवटी जाऊ दिलं. म्हणजे जपान त्याची एक किंमत करत होतं आणि घरची लीग दुसरी. पगाराला टोपी घातली की खेळाडूची घरची किंमत खोटी दिसते. शेजाऱ्याला तो स्वस्तात मिळतो.

आणि एकदा ते गेले की घरची लीग खरोखर पातळ होते. मग पूर्व आशिया सुपर लीगमध्ये मनिलाचे संघ जपानी-कोरियन संघांकडून मार खातात. २०२३ ला आन्यांग जिंकलं, २०२४ ला चिबा, २०२५ ला हिरोशिमा. पीबीएचा संघ या तिन्ही वेळी अंतिम फेरीतसुद्धा नाही. हे निकाल बघून पुन्हा लोक म्हणणार, बघा, लीग हलकीच. अरे, चांगले तुम्हीच नेलेत की!

---

शंकेखोर

हा मुद्दा मला पटला. नोंद करून ठेवा, मी सहसा असं लिहीत नाही.

पण एक राहिलं. फिलिपिन्सने २०२३ ला हांगझोच्या आशियाई स्पर्धेत सुवर्ण घेतलं, जॉर्डनला ७०-६० हरवून, १९६२ नंतर पहिल्यांदा. कोरिया तेव्हा पदकाच्या जवळपासही नव्हता. मग लीग हलकी आणि देश भारी, हे कसं?

---

आकडेबहाद्दर

कारण देशाच्या संघात जपानहून-कोरियाहून आलेलेही असतात, आणि जस्टिन ब्राउनलीसारखा नागरिकत्व मिळालेला अमेरिकनही. देशाचा निकाल आणि लीगची ताकद यांचा सांधा दिसतो तेवढा घट्ट नाही. क्लबचे लोक मात्र राष्ट्रीय संघाचे सामने आवर्जून बघतात, कारण तिथे सगळे एकाच नियमात खेळतात: ४० मिनिटं, फिबाचा (आंतरराष्ट्रीय महासंघाचा) चेंडू, कोटा नाही. सामने थोडे, पण माप एकच.

एक राहिलं होतं. दोन्हीकडे खेळलेल्यांवरून कात्री काढतो म्हणालो, पण जो पहिल्या वर्षी फसला तो घरी जातो आणि पुढच्या हिशेबातून गळतो. टिकले तेच दिसतात. त्यामुळे घट आहे त्यापेक्षा कमी वाटते.

---

ऑकलंडवासी

उशिरा आलो. आमच्याकडे शेजाऱ्याचा प्रश्न वेगळ्या रीतीने सुटलाय. ऑस्ट्रेलियाच्या एनबीएलमध्ये न्यूझीलंडचा खेळाडू परदेशी धरतच नाहीत. आमचा ब्रेकर्स त्यांच्याच लीगमध्ये खेळतो, आणि २०११, १२, १३ आणि १५ असा चार वेळा विजेता झाला. दरवर्षी समोरासमोर भिडत असल्यामुळे अंदाज करायची वेळच येत नाही.

भारतीयांनाही या लीगने बघितलंय. २०१७ ला विशेष भृगुवंशीला ॲडिलेडने करार दिला आणि अमृतपाल सिंग सिडनी किंग्जकडून खेळला. अमृतपाल आणि भारतीय संघातला त्याचा सोबती अमज्योत, दोघेही त्याआधी टोकियोत खालच्या पायरीवर खेळून आलेले. म्हणजे भारताचे आकडे कुणी वाचलेच नाहीत. जपानमधले वाचले.

---

नागपाड्याचा_पोर

वाचणार काय? आपल्याकडे यूबीए ही लीग २०१५ ला आली, मुंबई चॅलेंजर्स, पुणे पेशवाज वगैरे, आणि २०१७ नंतर दिसली नाही. पुढे २०२२ ला आयएनबीएल आली. मुंबई टायटन्स बघायला मी गेलो होतो. मुलं चांगली आहेत. पण कात्री लावायला आधी कापड लागतं. घरी-बाहेरी पन्नास सामने, दरवर्षी, तेच संघ. तेवढं झालं की कुणीतरी मोजेल.

---

सुनंदा_टेबलवाली

योकोहामाकर, तुम्ही धागा काढून गायब झालात. तुमच्याकडे तलाव आहे, डबेवाले काका आहेत. एक काम करा. पुढच्या सामन्यात आशियाई कोट्यातल्या गार्डवर नजर ठेवा आणि मोजा, त्याच्या पासवर सोबत्याला मोकळा शॉट किती वेळा मिळाला. पडला की नाही ते बघू नका. मग अधिकृत असिस्टशी ताडून इथे लिहा. कागद-पेन्सिल न्या, मोबाइल नको, मोबाइलवर चुकतं.

---

योकोहामाकर

ताई, आज्ञा पाळली. काल जाऊन आलो. एका रात्रीच्या मोजणीवर कुणाला तोलू नये म्हणून नाव देत नाही.

पहिल्या क्वार्टरमध्ये चार. दुसऱ्यात तीन, त्यातला एक असा सुंदर होता की मी रेघ मारायचीच विसरलो, काकांनी कोपर मारून आठवण केली. तिसऱ्या क्वार्टरमध्ये तो जास्त वेळ बाकावर होता. चौथ्यात चार. एकूण अकरा मोकळे शॉट. कागदावर मिळालेले असिस्ट चार. म्हणजे सात वेळा पास बरोबर गेला, शॉट चुकला. चुकवणारे बहुतेक वेळा तेच दोन उंच परदेशी, ज्यांच्यामुळे याच्या हातात चेंडू कमी येतो.

काकांनी तो कागद मागून घेतला. घडी करून पाकिटात ठेवला, त्यामुळे फोटो टाकता येत नाही.

---

सुनंदा_टेबलवाली

चुकलेल्या सातांपैकी तीन गुणांच्या रेषेबाहेरचे किती? ते लिहिलं नाहीत. आणि तिसऱ्या क्वार्टरमध्ये तो किती मिनिटं बाकावर होता? 'जास्त वेळ' म्हणजे काय?

पुढच्या शनिवारी परत जा. आणि काकांसाठी दुसरा कागद न्या.